घरचा वाफा

चिखली,
११ फेब्रुवारी १९७३

श्री. तुळशीराम यांस,
अन्नपूर्णेचा नमस्कार.

कंडक्टरबरोबर पाठवलेली टोपली मिळाली. मेथी, पालक, कांद्याची पात, वर ओल्या फडक्यात वांगी. फडक्याच्या गाठीत तुमची चिठ्ठी होती : 'घरच्या वाफ्यातली हाय. बिनघोर खाय.'

मी ती टोपली खोलीमागच्या उकिरड्यावर उपडी केली.

शेजारच्या खोलीतल्या वच्छलाबाई बघत होत्या. त्या गावाबाहेर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू आहे तिथं पाणी पाजायला असतात. दिवसभर रांजणापाशी उभं राहून मजुरांच्या ओंजळीत तांब्यानं पाणी ओतायचं, हे त्यांचं काम. यंदा हिरवं पान दृष्टीला पडत नाही आणि ही बाई जुड्याच्या जुड्या टाकते आहे, हे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "मास्तरीनबाई, मेथीनं तुमचं काय घोडं मारलं व? मले तं द्याची होती!"

मी म्हणाले, भाजी खराब आहे. त्यांनी वाकून एक जुडी उचलली, हुंगली. "हे खराब? मंग चांगली कशी रायते बाप्पा?" आणि मेथी, पालक, वांगी ओच्यात भरून घेऊन गेल्या. पात तेवढी तिथंच टाकली. गळ्यात माळ आहे, कांद्याला शिवत नाहीत.

मी त्यांना अडवलं नाही, कारण भाजी खरोखरच चांगली होती. घरच्या वाफ्यातली म्हणजे चांगलीच असणार. मला किळस आली ती त्याच तीन शब्दांची. हौदात भिजवलेली, विकायची भाजी पाठवली असती तर मी म्हटलं असतं, माणसाला कळत नाही. पण तुम्हाला कळतं. कोणती आपण खायची आणि कोणती लोकांना विकायची हे ज्याला नेमकं ठाऊक आहे, त्याच्या पानाशेजारी पान मांडून बसणं मला जमेना.

तुमची आई उंद्रीत सांगत फिरते की शाळेचा पगार डोक्यात गेला म्हणून सून निघून गेली. सांगू द्या. पण तुम्हीही चिठ्ठीच्या मागल्या बाजूला विचारलंत, 'काऊन गेली ते तरी सांग.' तुम्हाला ठाऊक आहे. तरी एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा विचारणं नको.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी अकरावीच्या वर्गासाठी प्रयोगाची तयारी करत ओसरीत बसले होते. वाटीत पाणी, पाण्यात मनुके. तुम्ही बाजारातून आलात आणि शेजारी बसलात. सुरकुतलेला मनुका फुगत फुगत द्राक्षासारखा झाला तसे तुमचे डोळेही मोठे झाले. "हे मेलं नोतं तं?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, पेशीला एक पडदा असतो, आत साखर दाट असते, त्या साखरेच्या ओढीनं पाणी पडद्यातून आत येतं. मनुक्यात तेवढंच होतं. ताज्या भाजीत त्याहून जास्त घडतं, कारण तिच्यातला पडदा जिवंत असतो. तुम्ही म्हणालात, "म्हंजे सांजच्याले जे मेथी मान टाकते, थे मरत नाही. तिले तहान लागेल रायते."

मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला होता. वर्गातल्या एकाही मुलीला हे सुचलं नव्हतं.

मग तुम्ही धंदाच बदललात. बाजार उठताना बाकीच्या माळ्यांचा उतरलेला, मान टाकलेला माल उचलायचा, रात्रभर हौदात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या बाजारात ताजा म्हणून मांडायचा. विहिरीला पाणी होतं तोवर मी त्याला हुशारीच म्हणत होते. यंदा विहीर तळाला गेली. तेव्हापासून विहिरीचं पाणी घराला आणि घरच्या वाफ्याला, आणि हौदाला पाणी कुठलं, ते मी इथं लिहीत नाही. पत्र वाचताना आई शेजारी असतील.

होळीला येणार नाही.

अन्नपूर्णा


चिखली,
३ मार्च १९७३

श्री. तुळशीराम यांस,

तुमचं उत्तर आलं. इतकं लांब पत्र तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं असेल. त्यातलं एक वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं : 'तूच शिकवलं का पडद्यातून पानी तेवढं जाते, घान जात नाही, मंग भाजीच्या आत तं चोखंच पानी हाय ना.'

बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे आणि म्हणूनच मला ह्याचं उत्तर द्यावं लागतं आहे.

गेल्या उन्हाळ्यात अमरावतीला शिक्षकांचं शिबिर होतं, त्यात एका प्राध्यापकांनी हा पडदा कसा असतो ते नव्या माहितीवरून सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आता सांगते, कारण तुम्ही अर्ध्याच माहितीवर उभे आहात.

लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. दोन लांब रांगा, पण एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या, पाठीला पाठ लागेल इतक्या जवळ. तोंडं बाहेर. ही माणसं म्हणजे स्निग्ध पदार्थाचे, तेला-तुपाच्या जातीचे कण. त्यांच्या तोंडाला पाणी आवडतं, पाठीला सोसत नाही. म्हणून तोंडं पाण्याकडे करून, पाठी आत लपवून ती बसतात. त्यांना कुणी बसवावं लागत नाही, पाण्यात सोडलं की आपोआप बसतात. आणि बसली म्हणजे खिळली असं नाही, रांगेतल्या रांगेत सारखी सरकत असतात. ह्या दुहेरी रांगेत मधूनमधून मोठाले प्रथिनांचे कण रुतलेले असतात. ते दारावरचे कारभारी. एक साखरेला हात धरून आत घेतो, एक मीठ बाहेर ढकलतो. मीठ ढकलायला त्याला जोर लागतो, इंधन लागतं. पेशी जिवंत आहे तोवर ते काम एक क्षण थांबत नाही. थांबलं की पेशी मेली. पाण्याला मात्र कुणी बोलवावं लागत नाही, जिकडे मीठ-साखर दाट तिकडे ते झिरपतं. मेलेल्या पानाची रांग मोडलेली असते, म्हणून सडका पाला कितीही बुडवला तरी ताठ होत नाही. हे तुम्ही बोटांनी ओळखता, दाबून पाहता आणि तेवढी जुडी बाजूला टाकता.

तर हो, हौदातली घाण पानाच्या पेशीत जात नाही. पेशी आपल्या दारात कोण उभं आहे ते पाहते आणि मगच घेते. पण लोक नुसती पेशीची आतली बाजू खात नाहीत, तुळशीराम. ते अख्खं पान खातात. पातीच्या बुंध्याशी जिथं पानं एकमेकांत गुंतलेली असतात तिथं जे चिकटून बसतं ते सगळं खातात. आणि आपल्या वऱ्हाडात मेथी, पात, मुळा कच्चाच भाकरीबरोबर खायची रीत आहे, हे तुम्ही विसरला नसाल.

मागच्या पत्रात जे टाळलं ते आता लिहिते. आई वाचत असतील तर वाचोत.

डिसेंबरात एक दिवस पहाटे मी बायकांबरोबर गावाखालच्या गोदरीवर परसाकडे गेले होते. परतताना पाहिलं, खालच्या डबक्यापाशी आपली बैलगाडी उभी. गाडीत टिपाडं. सगळं गाव ज्या उतारावर बसतं त्याच उताराचं पाणी झिरपून त्या डबक्यात साचतं. त्यावर हिरवी साय धरलेली होती. तुम्ही बादलीच्या बुडानं ती साय हलक्या हातानं बाजूला सारलीत, जशी आई दुधावरची सारते, आणि पाणी भरून घेतलंत. नाकाला उपरणं बांधलेलं होतं. ते उपरणं मी आदल्या दिवशी धुतलं होतं.

बरोबरच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "तुया मालक बागेले खत-पानी संगंच देते व!" मीही हसले. काय करणार होते?

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या चुलीपाशी बसून मेथी निवडत होत्या, घरच्या वाफ्यातली. म्हणाल्या, "बाजाराची भाजी बाजाराले. आपन कुठं खातो?"

"पण लोक खातात ना."

"लोकायनं धुऊन खावं. आमी का लोकायच्या घरी जाऊन धुऊन देवाव?" आणि मग माझ्याकडे वर न पाहता, "शाळा शिकून शिकून तुले घानीशिवाय काही दिसतच नाही बाई."

त्या रात्री पानात मेथीची भाजी होती. तुम्ही हात स्वच्छ धुऊन, पाटावर बसून, चित्राहुती घालून जेवलात. नखंसुद्धा घासलेली. मला तुमच्या त्या स्वच्छ नखांकडे पाहवेना. मी उठले ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही विचारलंत, पोट बिघडलं का? मी हो म्हणाले.

बदलीचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला.

अन्नपूर्णा


चिखली,
२४ मार्च १९७३

तुळशीराम,

पाझर तलावाच्या कामावर हगवण-ओकारी सुरू झाली आहे. दवाखान्यातले डॉक्टर तोंडानं पटकी म्हणतात आणि कागदावर गॅस्ट्रो लिहितात. व्हरांड्यात माणसं निजवली आहेत. खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या आहेत. कारभारी नावाचा म्हातारा काल गेला. तो खडी फोडता फोडता मुकादमाची नक्कल करून सगळ्या बायकांना हसवायचा म्हणतात. त्याला सकाळी सुरू झालं आणि ऊन उतरायच्या आत संपला. डोळे आत गेलेले, बोटांची कातडी न्हाणीघरात फार वेळ बसल्यासारखी सुरकुतलेली. मी पाहून आले.

तुमचा माल त्या कामावर येतो, हे मला आठ दिवसांपूर्वी कळलं. उकंडराव मुकादम तुमच्याकडून कांद्याची पात घेतो आणि सरकारी सुकडीबरोबर मजुरांना देतो. कांद्यानं ऊन लागत नाही म्हणून. आणि आता रोग आल्यावर दुप्पट देतो, कारण कांद्यानं पटकीही उतरते असं सगळ्यांचं म्हणणं आहे. माणसं उलट्या करून आडवी पडतात आणि घरचे त्यांच्या तोंडात पात कोंबतात. जी अजून धड आहेत ती दिवसभर पात चघळत उभी असतात, आणि दुसऱ्या दिवशी आडवी होतात. तुमचा खप वाढला असेल. तुम्हाला प्रश्न पडला का, की का वाढला?

आता वच्छलाबाईंचं सांगते.

पहिल्यांदा लोकांनी रांजणावर बोट ठेवलं, ते साहजिक होतं. आरोग्य निरीक्षक येऊन पाण्याचा नमुना घेऊन गेले, औषध टाकून गेले. पण रोग थांबेना. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं : सगळे आजारी पडतात, हिला कसं काही होत नाही? दिवसभर त्याच रांजणाशी उभी, तेच पाणी पिते आणि ठणठणीत. बस. एवढं पुरलं. परवा त्यांनी रांजण फोडला. उकंडरावांनी तिथल्या तिथं त्यांना कामावरून काढलं. काल आमच्या आडावर त्या घागर घेऊन गेल्या तर बायकांनी दोर काढून घेतला.

त्या माझ्या दारात येऊन बसल्या. रडत नव्हत्या, त्यांना हसूच येत होतं. "पाह्यलं का मास्तरीनबाई? मी नाही मेली हाच मायावाला गुन्हा! मरून दाखवलं असतं तं हार घातला असता मले."

"तुम्ही पात खाल्ली का हो?" मी विचारलं.

"मी अन् पात? माळ हाय व गळ्यात."

तुळशीराम, मी विज्ञान शिकवते, त्यामुळे घाईनं निष्कर्ष काढायचा नाही हे मला माहीत आहे. मी दवाखान्यात जाऊन एकेकाला विचारलं. मुकादमाची सून आजारी आहे. ती कामावर कधी येत नाही, रांजणाचं पाणी तिच्या ओठाला लागलेलं नाही. पण पात तिच्या घरी जाते. दोन टेकड्यांपलीकडून येणारी माणसं स्वतःच्या कळशीत पाणी आणतात. तीही आजारी आहेत. पाणी प्यायली आणि पात खाल्ली नाही अशी एकच बाई त्या कामावर होती, आणि तिलाच त्यांनी हाकललं.

ती एकटी आहे. शेत नाही, माणूस नाही. ह्या वर्षात दुष्काळी काम गेलं म्हणजे काय, हे तुम्हाला लिहून सांगायला नको. आणि काम परत मिळालं तरी हा डाग घेऊन ती कुठल्या गावात राहील? उद्या तिच्या खोलीवर दगड येतील.

माझी मागणी एवढीच आहे. तुम्ही पत्र मिळताच इथं या, निरीक्षकांकडे जा आणि सांगा की माझ्या हौदात कुठलं पाणी आहे. तुमच्या तोंडून आलं तर त्याला वजन राहील आणि तुमचीही इज्जत थोडी राहील. माझ्यासाठी करू नका. पात खाऊन उद्या कोण आडवं पडणार आहे ते तुम्हाला दिसत नाही, म्हणून त्या बाईकडे बघून करा.

अन्नपूर्णा


चिखली,
५ एप्रिल १९७३

तुळशीराम,

काल शाळेच्या फाटकाशी तुम्ही जे बोललात ते लिहून पाठवते, कारण पुढे तुम्ही म्हणाल की मी असं बोललोच नाही.

तुम्ही निरीक्षकांकडे न जाता माझ्याकडे आलात. परीटघडीचं धोतर, पांढरी टोपी, सायकलच्या कॅरियरला ज्वारीचं पोतं. म्हणालात, "हे त्या बाईले दे. पाहिजे तं अजून पाठोतो. बिचारीचे हाल होऊन राह्यले."

मी विचारलं, "आणि निरीक्षक?"

"अवं, पेटलेल्यात तेल काऊन ओततं? म्या पात देनं बंद करतो. चार-आठ दिवसात आपोआप थांबते सारं. कोनाले कळत नाही, कोनाचं वाईट होत नाही."

"वच्छलाबाईंचं?"

"तिले ज्वारी देऊन राह्यलो ना मी!"

मी पोत्याकडे पाहिलं म्हणून तुम्हाला वाटलं, पटलं मला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणालात, "अन्ना, तू विज्ञानवाली. सांग बरं इमानानं. पेशीत घान जाते का? नाही जात. तूच लिवलं पत्रात, शंभर टक्के बरोबर म्हून. मंग मायावाला काय दोष? म्या काय कोनाच्या पोटात हात घातला?"

तेवढ्यात मधल्या सुटीची घंटा झाली आणि मुली बाहेर आल्या. तुम्ही त्यांच्याकडे पाहून हसलात. एकीनं तुम्हाला नमस्कारही केला. मी आत निघून गेले. पोतं फाटकाशीच राहिलं. शिपायानं ते शाळेच्या आवारात ठेवलं आहे, घेऊन जा.

तुमचा प्रश्न घेऊन मी संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, हा जंतू पेशीत शिरून काय करतो? ते म्हणाले, बाई, तो शिरतच नाही.

नीट वाचा. हा रोगाचा जंतू आतड्याच्या पेशीत जात नाही. तुमच्या हौदातल्या घाणीसारखाच तो बाहेर राहतो. आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो आणि तिथून एक विष सोडतो. त्या विषाचा एक तुकडा पडद्यापार आत सरकतो आणि दारांवरच्या कारभाऱ्यांची मती फिरवतो. ज्यांनी मीठ आत घ्यायचं ते घेत नाहीत आणि बाहेर जाणाऱ्या मिठाला दार सताड उघडतं. मीठ गेलं की पाणी त्याच्या मागे जातं, जसं मनुक्यात साखरेमागे आलं होतं तसंच, फक्त उलट्या दिशेनं. अंगातलं सगळं पाणी त्या वाटेनं वाहून जातं. खडी फोडणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या बोटांच्या सुरकुत्या मी पाहिल्या. तो मनुका झाला होता.

मारायला आत शिरावं लागत नाही. दाराशी बसून राहिलं तरी पुरतं. तुम्हीही कोणाच्या घरात गेला नाहीत. बाजारात, सावलीला, ताज्या जुड्या रचून बसलात.

ह्यापुढे 'पेशीत घाण जात नाही' हे वाक्य माझ्या नावावर बोलू नका. आता वर्गात तो धडा काढला तरी जीभ अडखळते. मुलींनी मनुके आणले होते आज, वाटीत फुगलेले पाहून मी ती झाकून ठेवली.

वच्छलाबाईंनी ज्वारीचं ऐकलं. मी सांगणार नव्हते, शिपायानं सांगितलं. विचारलं, "कोनं पाठोली?" मी म्हणाले, ज्याच्या पातीनं हे झालं त्यानं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "थो तुमचा कोन लागते?"

मी चुलीकडे वळले. त्यांनी उत्तर ओळखलं असणार, कारण नंतर म्हणाल्या, "मंग त्यालेच म्हना, मले ज्वारी नोको. मायं नाव परत दे म्हना. थे तं कोनाच्या पोत्यात नाही मावत."

मी सोमवारपर्यंत वाट पाहते. तुम्ही जाल असं मला अजूनही वाटतं. का वाटतं ते लिहीत नाही.

अन्नपूर्णा


चिखली,
११ एप्रिल १९७३

तुळशीराम,

हे पत्र टपालात टाकत नाही. टाकलं तर तुम्ही हौद उपसून चुना मारून ठेवाल.

सोमवार गेला. सोमवारी तुम्ही मुकादमाला पात दिली नाही हे खरं, त्याऐवजी पालक दिलात. मी पाहिला. टवटवीत होता.

मी काल आरोग्य निरीक्षकांकडे गेले. त्यांच्या टेबलावर वच्छलाबाईंच्या विरुद्धच्या अर्जांचा गठ्ठा होता, त्यावर पाणी प्यायचा ग्लास ठेवलेला. मी पात, हौद, डबकं सगळं सांगितलं. कोण आजारी पडलं, कोण नाही, तेही सांगितलं. त्यांना पहिल्यांदा ते खोटं वाटलं. म्हणाले, "अहो, कांद्याला कुठे रोग असतो? कांदा तर औषध." मग म्हणाले, "एवढं खात्रीनं सांगता, तुम्ही तिथं जाऊन पाहिलं आहे का?"

मी म्हणाले, "चार वर्षं त्या घरात राहिले."

"भाडेकरू?"

"बायको."

त्यांनी हातातलं पेन टोपण लावून खिशात ठेवलं. थोड्या वेळानं परत काढलं. म्हणाले, "बाई, तुम्ही हे सही करून देणार?" मी दिली. पूर्ण नाव लिहिलं, तुमच्या नावासकट, कारण माझं नाव तुमच्या नावाशिवाय कुठल्याच सरकारी कागदावर नाही.

वच्छलाबाईंना उकंडराव उद्या कामावर परत घेणार आहे. निरीक्षकांनी चिठ्ठी दिली तेव्हा तो म्हणाला, लोक ऐकणार नाहीत. त्यावर वच्छलाबाई स्वतः म्हणाल्या, "नोका ऐकू. मी नव्या रांजनापाशी उभी राहीन, ज्याले तहान लागंन थो येईन." मला वाटतं, काही जण येणार नाहीत. आठवडाभर तरी. त्याचं मी काय करणार? बाटलीतला नमुना दाखवून माणसांची मनं धुता येत नाहीत. पण त्या उभ्या राहणार आहेत आणि मी शाळेतून सुटले की त्यांच्या हातचं पाणी सगळ्यांसमोर पिणार आहे.

तुम्ही जे जे पत्र पाठवलं त्याच्या शेवटी 'घरी ये' लिहिलं. दोनदा खाडाखोड करून लिहिलं होतं, ते मी पाहिलं. तुम्ही मनापासून लिहिलं असणार ह्याबद्दल मला शंका नाही. तुम्ही वाईट बोलला नाहीत, हात उगारला नाही, जेवताना माझ्या आधी कधी सुरुवात केली नाही. हे सगळं मला आठवतं आणि तरी, किंवा त्यामुळेच, मला तुमच्या हाताची किळस येते. ती जाईल की नाही मला ठाऊक नाही. जावी असं मी रोज म्हणत नाही. एक-दोनदा म्हणाले आहे.

येते आहे. निरीक्षकांना शेताकडची वाट माहीत नाही. त्यांच्या जीपमध्ये मी पुढे बसणार आहे. निरीक्षकांचा शिपाई हे पत्र तुमच्या हातात देईल तेव्हा गाडी बांधाला लागलेली असेल. हौदाच्या पाण्याच्या बाटल्या भरून झाल्या की आम्ही परत निघू.

मी घरात येणार नाही. आईंना सांगा, चहा ठेवू नका.

अन्नपूर्णा